संध्याकाळी तुटणारं नेट

स्पीड टेस्टवर शंभरपैकी पंच्याण्णव एमबीपीएस दिसतात आणि तरीही कॉल तुटतो, ही तक्रार कस्टमर केअरला पटवून देणं फार अवघड. आमचा गेला हिवाळा त्यातच गेला. फायबर थेट घरात आलेलं आणि मोडेमपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत लॅन केबल, म्हणजे वायफायला दोष द्यायचीही सोय नव्हती. तरी ऐन कामाच्या वेळी चित्र गोठायचं, आवाज तुटायचा आणि पाच-सात सेकंदांनी काही झालंच नाही असं सगळं पुन्हा सुरू व्हायचं.

मी सांगलीत राहते आणि स्पीच थेरपी करते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मुलांना दर आठवड्याला इथे आणणं पालकांना झेपत नाही. मजुरी बुडते, एसटीचे दोन-अडीच तास जातात. त्यामुळे बरीच मुलं मी शाळा सुटल्यावर, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर घेते. चाळीस मिनिटांच्या सेशनमधली सात सेकंदं ती काय, असं कुणालाही वाटेल. एरवीच्या गप्पांमध्ये ती खरंच कळतही नाहीत.

कॉलमध्ये आपला आवाज साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो. एखादा तुकडा वाटेत हरवला, तर ऐकणाऱ्याच्या बाजूचं सॉफ्टवेअर मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाज बांधतं आणि ती जागा भरून काढतं. गप्पांना हे पुरतं. पण 'क' किंवा 'त' म्हणताना तोंडात अडवलेली हवा सुटते, तो स्फोट जेमतेम दहा-वीस मिलिसेकंदांचा असतो, आणि मुलाने 'क' म्हटलं की 'त' हे बऱ्याच अंशी त्यावरूनच कळतं. म्हणजे एक तुकडा गेला की माझ्या कामाचा नेमका भाग गेला. 'कावळा'ला 'तावळा' म्हणणारं मूल पहिल्यांदा स्वच्छ 'क' काढतं, तेव्हा त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणावं लागतं. ती शाबासकी तीन सेकंदांनी पोचली तर ती कशाबद्दल मिळाली ते मुलाला कळत नाही, आणि तोवर त्याने पुन्हा 'त' म्हटलेलं असतं. आईवडील तिकडे मोबाईल धरून बसलेले, मूल कंटाळलेलं. त्या मुलांच्या वाट्याला आठवड्यातून एवढाच वेळ येतो, म्हणून मला हे सोडून देता येत नव्हतं.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीत होऊ शकतं. फोन केला की ठरलेलं उत्तर मिळायचं: मोडेम बंद करून चालू करा, स्पीड टेस्ट करा, संध्याकाळी लोड असतो मॅडम. तक्रार क्रमांक यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईनमन यायचा, फायबरला मीटर लावायचा, 'पॉवर ओके हाय मॅडम' म्हणायचा, आणि तो फाटकाबाहेर पडेपर्यंत तक्रार मिटल्याचा मेसेज मोबाईलवर. तो खोटं बोलत नव्हता. त्याचा मीटर दुपारी जे दाखवायचा ते अगदी बरोबर होतं, हे मला पुढे कळलं.

लोडचं कारणही हवेतलं नाही. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्या जीपॉन पद्धतीच्या आहेत. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक फायबर वाटेत स्प्लिटर लावून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांना मिळून येणारा वेग २.४८८ गिगाबिट असतो. रात्री सगळे एकदम सिनेमे पाहायला बसले की ओढाताण होऊ शकते. पण लोडचं दुखणं हळूहळू चढतं: उत्तर यायला लागणारा वेळ पंधरा मिलिसेकंदांवरून ऐंशीवर, दीडशेवर जातो, सगळंच जड होतं आणि रात्री उशिरा उतरतं. सुरळीत चाललेलं नेट एकदम शून्य आणि सात सेकंदांनी एकदम पूर्ववत, हे लोडचं लक्षण नाही.

हा फरक मला भाच्याने समजावला. तो पुण्यात एका कंपनीत नेटवर्कचं काम करतो. मी फोनवर 'अरे, नेट सारखं जातंय' म्हटल्यावर तो म्हणाला, "आत्या, नेट जातं असं नको सांगूस. कुठून कुठपर्यंत जातं ते सांग. लॅपटॉप ते मोडेम हा एक टप्पा, मोडेम ते कंपनी हा दुसरा, तिथून पुढे तिसरा. एकेक टप्पा वेगळा बघ." श्रवणचाचणीत आम्हीही दोन्ही कान एकदम तपासत नाही, एक कान, एक स्वर, मग पुढचा. त्यामुळे त्याचं म्हणणं मला लगेच उमगलं.

आधी लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. ही गोष्ट फार जण करत नाहीत, आणि मग काही कळत नाही. केबल सुटली की लॅपटॉप गुपचूप वायफायवर जातो, केबल जुळली की परत येतो. कॉल तेवढा अडखळतो आणि दोष कुणाचा हे झाकलं जातं. मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या चौकटी शेजारी-शेजारी उघडल्या. एकीत 'पिंग १९२.१६८.१.१ -टी', म्हणजे घरातल्याच मोडेमला दर सेकंदाला हाक. दुसरीत 'पिंग ८.८.८.८ -टी', म्हणजे तीच हाक गूगलच्या सर्व्हरला. सेशन चालू असताना त्या चौकटी स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवायच्या आणि काही बिघडलं की वेळ वहीत लिहायची. मुलांच्या प्रगतीच्या नोंदींसाठी वही हाताशी असतेच, तिच्याच शेवटच्या पानांवर.

पहिल्या काही संध्याकाळींतच एक गोष्ट दिसली, आणि तिने मी चक्रावलेच. बिघाड दोन तऱ्हेचे होते. काही वेळा दोन्ही चौकटी एकदम थांबायच्या आणि 'जनरल फेल्युअर' अशी ओळ यायची. काही वेळा मोडेमची चौकट अगदी शांतपणे एक मिलिसेकंद, एक मिलिसेकंद असं उत्तर देत राहायची आणि फक्त गूगलच्या चौकटीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायचं. भाच्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "दोन वेगळे आजार आहेत. पहिला घरातला, दुसरा मोडेमच्या पलीकडचा. आधी घरातला काढ, नाहीतर कंपनीवाले त्याच्यावरच बोट ठेवतील." लॅपटॉपचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून पाहिला, तर 'जनरल फेल्युअर'च्या प्रत्येक वेळेला तिथे नेटवर्कची लिंक तुटल्याची नोंद होती. म्हणजे लॅपटॉपच्या पोर्टला त्या क्षणी समोर केबलच दिसत नव्हती.

ओळखीच्या दुकानातला मुलगा टेस्टर घेऊन आला. टेस्टर म्हणजे दोन छोट्या डब्या. केबलची दोन टोकं दोन डब्यांत घालायची, एक ते आठ दिवे ओळीने लागत जातात. आठही लागले. "ताई, केबल ओके आहे." मी त्याला म्हटलं, दिवे चालू राहू दे. जिभेचा मागचा भाग कसा उचलायचा ते मुलांना दाखवायला मी लॅपटॉप उचलून कॅमेरा तोंडाजवळ आणते. केबलचं त्या टोकाचं प्लग मी हातात धरून तसंच वळवलं. सहावा दिवा गेला. सरळ केलं, आला. पुन्हा वळवलं, गेला. पोरगा खालीच बसला.

त्याने प्लग कापलं, वरचं आवरण सोललं आणि सहाव्या क्रमांकाची हिरवी तार बाहेर काढली. मी ब्लेडने तिचं टोक खरवडायला सांगितलं. वरचा तांबूस रंग निघून गेला आणि आत पांढुरका धातू दिसला. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात, आणि बऱ्याच घरांतून हीच केबल टाकलेली असते, कारण ती शुद्ध तांब्याच्या केबलपेक्षा खूप स्वस्त मिळते आणि वरून अगदी तशीच दिसते. फक्त हाताला हलकी लागते. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय चार-दोनदा वाकलं की ते तडकतं. कॅट फाइव्ह-ई किंवा कॅट सिक्स या लॅन केबलच्या दर्जांच्या मानकात ते बसतच नाही. पण ग्राहकाला हे कोण सांगणार! आठ तारांपैकी १, २, ३ आणि ६ या चार तर १०० एमबीपीएसलाही लागतात, गिगाबिटला आठही. सातवी-आठवी तुटली असती तर लिंक नुसती १०० वर उतरली असती आणि आमच्या प्लॅनवर काही कळलंही नसतं. सहावी गेल्यावर सगळंच बंद.

आणखी एक गोष्ट त्या मुलाशी बोलताना ध्यानात आली. भिंतीवरून नेण्याच्या केबलमध्ये प्रत्येक तार सलग, एकच असते. ती एकदा पट्टीत बसवली की हलवायची नसते. लॅपटॉपला लागते ती पॅच कॉर्ड, तिच्यातली प्रत्येक तार अनेक बारीक तारांची असते, म्हणून ती वाकणं सोसते. आमच्याकडे भिंतीवरची केबलच थेट लॅपटॉपमध्ये खुपसलेली होती, आणि सांगलीत मी पाहिलेल्या बहुतेक घरांत तसंच आहे. आता हॉलपासून माझ्या खोलीपर्यंत शुद्ध तांब्याची कॅट सिक्स केसिंग पट्टीतून नेली, टेबलाजवळ भिंतीवर आयओ बॉक्स, म्हणजे केबलचा सॉकेट, बसवला आणि तिथून लॅपटॉपपर्यंत दोन मीटरची तयार पॅच कॉर्ड. क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, तारांचा क्रम मी स्वतः उभं राहून पाहिला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तिसरी आणि सहावी ही जोडी मधल्या दोन तारांच्या दोन बाजूंना असते. नुसते रंग शेजारी-शेजारी लावून टाकले तर टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण एकमेकींभोवती पिळलेल्या तारांची जोडी मोडते आणि नेट अडखळतं.

त्यानंतर मोडेमची चौकट एकदाही थांबली नाही. 'जनरल फेल्युअर' गायब.

उरला दुसरा आजार. तो आता मोकळा दिसायला लागला आणि त्याच्या वेळा वहीत एकाखाली एक बसल्या: बहुतेक साडेसहा ते साडेआठमधल्या. सकाळी नाही, दुपारी नाही, पण मध्यरात्रीही, जेव्हा लोड नसतो, अधूनमधून होत्या. मी लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून पाहिलं होतं. लोडचा मुद्दा तिथे संपला, पण वेळेचं कोडं सुटेना.

भाच्याने मग मोडेमचं स्वतःचं पान उघडायला सांगितलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, मोडेमखाली चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड घालायचा. ऑप्टिकल असं लिहिलेल्या भागात 'आरएक्स पॉवर' म्हणून एक आकडा असतो, म्हणजे फायबरमधून मोडेमपर्यंत पोचणारा प्रकाश किती. एकक डीबीएम. डेसिबल माझ्या रोजच्या व्यवहारातले, त्यामुळे हे पान मला घरच्यासारखं वाटलं. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. तीन डेसिबल उतरले की प्रकाश निम्मा, दहा उतरले की दहावा हिस्सा. जीपॉनच्या नेहमीच्या वर्गातला घरचा मोडेम उणे २७ पर्यंत वाचू शकतो. ते मिलिवॅटच्या पाचशेव्या भागाएवढं झालं. तिथे पोचलं म्हणजे कडेलोट. लाईनमन मंडळी उणे २५ च्या अलीकडे असलं की समाधानी असतात.

दुपारी पाहिलं: उणे २२.३. छान. संध्याकाळी हॉलमध्ये मोडेमशेजारीच लॅपटॉप घेऊन बसले आणि पान पुन्हा-पुन्हा ताजं करत राहिले. उणे २२.३. उणे २२.४. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवापाशी दिवा लावून आल्या आणि डास येतात म्हणून हॉलची सरकती खिडकी लावली. पान ताजं केलं: उणे २७.८.

"आई, खिडकी जरा परत उघडता?"

"अगं डास येतील."

"एकच मिनिट."

उघडली. उणे २२.४. लावली. उणे २७.६, आणि मोडेमवरचा लाल 'लॉस'चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लुकलुकला. आमची फायबर खांबावरून येऊन त्याच खिडकीच्या चौकटीतून आत शिरते. बसवणाऱ्याने भिंतीला भोक पाडायचं टाळून केबल अ‍ॅल्युमिनियमच्या रुळातून आत घेतली होती. खिडकी लावली की तिची कड केबलवर बसायची. केबलमधली काचेची तार तुटत नव्हती, पण दबली की प्रकाश बाहेर सांडायचा, सत्तर टक्क्यांच्या आसपास. खिडकी किंचित सैल बसली तर नेट सुरळीत, घट्ट दाबून बसली किंवा रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि काच थरथरली की तूट. म्हणून रोज एकाच मिनिटाला होत नव्हतं. थंडीत डासांमुळे खिडकी तिन्हीसांजेला लागायची ती सकाळपर्यंत. रात्रीच्या नोंदींचा उलगडाही झाला. आणि लाईनमन दुपारी येतो तेव्हा खिडकी सताड उघडी असते.

संध्याकाळी माणूस पाठवा म्हटलं तर सहानंतर भेट देत नाही असं उत्तर आलं. पण आता त्याची गरज नव्हती. तक्रारीत मी दोन आकडे लिहिले, खिडकी उघडी आणि खिडकी बंद, दोन्हींचे फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच लाईनमन आला. त्याने मीटर लावला, उणे २२. "पॉवर ओके..." म्हणेपर्यंत मी खिडकी सरकवली. त्याने मीटरकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि स्वतःच खिडकी दोनदा मागेपुढे केली. "आयला. मॅडम, ह्यो प्रकार आमच्या ध्यानातच येत नव्हता. ह्या गल्लीत तीन घरं हायेत अशीच, खिडकीतनं आणलेली." मग तो मन लावून कामाला लागला. चपटी काळी केबल रुळातून सोडवली तेव्हा तिच्यावर नखाएवढा दबल्याचा वण होता. दोन्ही बाजूंच्या पोलादी तारा ओढ सोसायला असतात, दाब सोसायला नाही. त्याने तेवढा तुकडा कापून टाकला, मशीनने नवा स्प्लाइस, म्हणजे फायबरचा जोड, केला, शेवटी हिरवं कनेक्टर लावलं. उघड्या टोकाकडे वाकून बघणाऱ्या माझ्या मुलीला त्याने हाताने मागे सारलं, ते मला फार आवडलं. फायबरमधला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. भिंतीला भोक आम्ही आमच्या खर्चाने पाडून घेतलं, आतून बाहेर किंचित उतरतं, आणि बाहेर केबलला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जाईल, आत येणार नाही.

आता खिडकी उघडी असो वा बंद, उणे २१.६.

लाईनमनने जाताना खांबावरची जॉइंटची पेटी दाखवली. तिचं झाकण निखळलंय, आत तीन-चार घरांचे जोड उघडे आहेत आणि वरून खार ये-जा करते. "पावसात ह्ये तरास देणार," म्हणाला, पण ते त्याच्या हातात नाही, वरून मंजुरी लागते. मी त्याची वेगळी तक्रार केली, फोटोसकट, आणि गल्लीतल्या त्या तीन घरांनाही करायला लावली. खिडकीत केबल दबतेय का ते पाहायला त्यांना आकड्याचं पान कसं उघडायचं ते दाखवलं. कंपनीचं उत्तर 'नोंद घेतली आहे' एवढंच आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राकडून निकाल लागला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मेअखेरपर्यंत झाकण बसलं नाही तर आम्ही चौघं मिळून अपील करणार आहोत. तोवर दर एक तारखेला आकडा वहीत लिहिते आहे.